अक्षय्य तृतीयेला सोनं घ्यायलाच हवं का?

तुम्ही विचारलंय की लग्नानंतर पुण्यात आलेली ही पहिलीच अक्षय्य तृतीया, सगळे ‘गुंजभर तरी सोनं घ्या’ म्हणताहेत आणि सध्या हात तंग आहे. नाही घेतलं तर अशुभ असतं का? आणि मग या दिवशी नेमकं करायचं काय?

अशुभबिशुभ काही नसतं. नारायण पेठेतल्या या घरात मला 36 वर्षं झाली. सोनं घेतलं असेल पाच-सहा वेळा, तेही लक्ष्मी रस्त्यावर रांगेत उभं राहून एक ग्रॅमचं वेढणं. पाण्याचा माठ दान द्यायचं मात्र एकाही वर्षी चुकलं नाही.

आधी नावाचं बघू. पुण्यात राहणार आहात, फलकावर ‘अक्षय’ लिहिलंत तर कुणीतरी जिना चढून सांगायला येईल. क्षय नाही ते अक्षय. ‘क्षय्य’ म्हणजे ज्याचा क्षय होऊ शकतो ते, आणि या ‘शकतो’साठी पाणिनीने वेगळं सूत्रच दिलंय. म्हणून अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही ते. श्राद्धातही ‘अक्षय्योदक’ म्हणून पाणी देतात, तिथलाच हा शब्द.

आणि क्षय कशाचा होत नाही? जुन्या ग्रंथांतला श्लोक गुरुजी दरवर्षी म्हणतात: ‘अस्यां तिथौ क्षयमुपैति हुतं न दत्तं तेनाक्षयेति कथिता मुनिभिस्तृतीया’. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं, दत्त म्हणजे दुसऱ्याला दिलेलं. विकत घेतलेल्याचं नावही नाही. श्लोकाचा पुढचा भाग देव आणि पितर यांना उद्देशून केलेल्या कर्माबद्दल आहे. सोनं पुढे जोडलं गेलं, आणि वर्तमानपत्रांच्या पानभर जाहिरातींनी ते पक्कं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. सराफांनी रागावू नये.

साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक पूर्ण मुहूर्त (बाकीचे पाडवा, दसरा, आणि बलिप्रतिपदेचा अर्धा), त्यामुळे गृहप्रवेश, दुकानाचं उद्घाटन पंचांग न बघता करतात. लग्नाचं मात्र गुरुजींना विचारा. 2024 ला 10 मे रोजी तृतीया आली तेव्हा गुरू आणि शुक्र दोन्ही अस्तंगत होते (सूर्याजवळ असल्याने दिसत नव्हते), म्हणून पुष्कळांनी लग्नं पुढे ढकलली. परशुराम जयंती, गंगेचं अवतरण, सुदाम्याचे पोहे, द्रौपदीची थाळी अशा डझनभर कथा या तिथीला जोडलेल्या आहेत. एकाच दिवशी एवढं सगळं कसं घडलं ते विचारू नका.

ही युगादि, म्हणजे युग सुरू झाल्याची तिथी मानतात, म्हणून पितरांचा दिवस. आणि वैशाखाचं ऊन, म्हणून पाण्याचा. या दोन्हींतून आला उदककुंभ, म्हणजे दान द्यायचा पाण्याने भरलेला माठ. आमच्याकडे दोन माठ असतात, एक देवाच्या नावाने, एक पितरांच्या. पितरांच्या माठात चार तीळ टाकायचे. वाळ्याची जुडी आत सोडायची, गळ्याला सुताचा दोरा, वर झाकण आणि झाकणावर आंबा. सोबत हातपंखा, पन्हं, जमलं तर छत्री किंवा चपला. उन्हात चालणाऱ्याला जे जे लागेल ते. पूर्वी हे सगळं गुरुजींना जायचं. आता एक माठ आमच्या इमारतीच्या वॉचमनच्या खुर्चीशेजारी जातो आणि पावसाळा लागेपर्यंत तो आणि कुरिअरची मुलं त्यातलंच पाणी पितात. सासूबाईंना आधी हे पटलं नव्हतं. मग एक दिवस त्या स्वतःच त्याला विचारताना दिसल्या, ‘गार लागतंय ना रे?’

वडील हयात असतील तर तर्पण वगैरे तुम्ही करायचं नाही. पाण्याचा माठ देवाच्या निमित्ताने द्यायला कुणाचीच आडकाठी नाही.

जेवायला आमरस-पुरी किंवा पुरणपोळी. सासूबाई त्या दिवशी पितरांना दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालत नसत. मार्चपासून मंडईत पेट्या दिसायच्या, पोरं भुणभुण करायची, पण नाही म्हणजे नाही. दगडूशेठ गणपतीपुढे 11,000 हापूसची आरास असते. बघायची तर सकाळी लवकर जा. चैत्र शुद्ध तृतीयेला पाळण्यात बसलेली गौरही आजच उठते, त्यामुळे राहिलेली हळदीकुंकवं उरकायची शेवटची संधी. तुमच्या पत्नीला ओल्या हरभऱ्यांची ओटी आणि आंब्याच्या डाळीचं आमंत्रण नक्की येईल. पिशवी घेऊन जायला सांगा.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या जळगावच्या वहिनींकडे हीच ‘आखाजी’. सासुरवाशिणी माहेरी, झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या. शेतावरच्या सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) सालही गावाकडे याच दिवसापासून धरत. समोरच्या जैन काकूंकडे वर्षीतपाचं (वर्षभर एक दिवसाआड केलेल्या उपवासांचं) पारणं असतं, उसाच्या रसाने. ऋषभदेवांना वर्षभराहून अधिक उपवासानंतर हस्तिनापूरच्या श्रेयांस राजाने तो रस दिला, तो हाच दिवस. म्हणजे तिथेही तहानलेल्याला कुणीतरी प्यायला दिलंय, हे लक्षात आलं का?

माझ्या पहिल्या वर्षाचा फजितीचा किस्सा सांगते. मी ऐटीत रंगवलेला, नक्षीचा माठ घेऊन आले. पूजा झाली, गुरुजींनी उचलला आणि त्यांच्या धोतरावर धार. सगळे गप्प. सासूबाई म्हणाल्या, ‘गळका माठ दिलास तर पितर वर्षभर फरशीच पुसत बसतील!’ मग सासरे स्वतः सायकल काढून कसबा पेठेत कुंभारवेशीला गेले आणि दुसरा घेऊन आले.

तेव्हापासून मी रंग बघत नाही, टिचकी मारते. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर परत ठेवायचा. दोन दिवस आधी आणून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिलं पाणी झाडांना घाला. आणि माठासोबत ओगराळं द्या, नाहीतर लोक हात बुडवतात.