कोडिंग येत नाही. खानावळीच्या डब्यांचा हिशोब ठेवणारं वेब ॲप स्वतः बनवता येईल का?

येईल की! नोंदी आत्ता गूगल शीटमध्ये असतील तर सरळ ॲपशीट (कोड न लिहिता ॲप बनवायचं गूगलचं साधन) घ्या. शीटमधल्या रकान्यांवरून ते फॉर्म आणि याद्या आपणहून मांडतं. गाडी अडते ती शीटपाशीच. गिऱ्हाईक, डबे, जमा असे तीन वेगळे तक्ते करा, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक क्रमांक द्या आणि बाकीच्या दोन तक्त्यांत नावाऐवजी तोच लिहा. सगळं एकाच तक्त्यात कोंबलं की महिनाअखेरीस कोणाची बाकी किती, हे काही केल्या जुळत नाही (अनुभवाचे बोल). झोहो क्रिएटरही चालेल, ते २००६ पासून आहे. बबलमध्ये मोकळीक जास्त, पण शिकायला वेळ लागतो. काहीही निवडलंत तरी दर महिन्याला डेटा सीएसव्हीमध्ये (कुठल्याही शीटमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवून ठेवा. अशी साधनं बंदही पडतात; गूगलनं स्वतःचंच ॲप मेकर हे असंच साधन २०२१ मध्ये बंद केलं होतं.