'माझ्यावर खोटा आरोप केला' हे इंग्रजीत कसं लिहायचं? ॲक्यूज, चार्ज, ब्लेम की अलेज?

तुम्ही विचारलंय की ऑफिसात तुमच्यावर पैसे चोरल्याचा खोटा आरोप झाला, हे इंग्रजी अर्जात लिहिताना ॲक्यूज, चार्ज, ब्लेम, अलेज यांतला कोणता शब्द घ्यावा. सगळ्यात आधी एक सांगते: चार्ज घेऊ नका.

मी कागदपत्रांची भाषांतरं करते. सुरुवातीच्या दिवसांत एका दुकानात काम केलेल्या मुलाचं पत्र माझ्याकडे आलं होतं. गल्ल्यात पैसे कमी भरले म्हणून मालकाने त्याच्यावर आरोप केला, दोन दिवसांनी हिशेबातली चूक सापडली आणि विषय मिटला. पोलिसांत कुणी गेलंच नव्हतं. मी बिनदिक्कत लिहिलं, 'आय वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट'. नव्या नोकरीच्या ठिकाणाहून लगेच विचारणा झाली, खटल्याचा निकाल काय लागला? आता जो खटला झालाच नाही त्याचा निकाल तो कुठून आणणार? खुलासे करता करता पोरगा रडकुंडीला आला. चूक माझी होती आणि ती मला अजून सलते.

मराठीत शेजारणीने केला तरी आरोपच आणि कोर्टाने ठेवला तरी आरोपच. इंग्रजीत मात्र प्रकरण कोणत्या पायरीवर आहे ते शब्दावरूनच कळतं. ॲक्यूज कुणीही करू शकतं: मालक, सासू, वर्गातला पोरगा. चार्ज म्हटलं की कायद्याची यंत्रणा आलीच. म्हणूनच पेपरात 'गुन्हा दाखल' वाचून 'चार्ज्ड' लिहिणं चुकीचं आहे. गुन्हा दाखल झाला म्हणजे एफआयआर नोंदवला गेला, एवढंच. पुढे तपास होतो, दोषारोपपत्र जातं आणि मग कोर्ट आरोप निश्चित करतं. कितीतरी प्रकरणं तिथवर पोचतही नाहीत.

ब्लेमचं घराणं वेगळं. त्यात गुन्हा असायलाच हवा असं नाही. पीक गेलं तर पावसाला ब्लेम करता येतं, ॲक्यूज करता येत नाही. आपण दोष देतो किंवा कुणाच्या तरी माथी खापर फोडतो, तो हा शब्द. 'ही ब्लेम्ड मी फॉर द लॉस' किंवा 'ही ब्लेम्ड द लॉस ऑन मी', दोन्ही चालतं.

अलेज म्हणजे पुरावा अजून समोर आलेला नसताना केलेलं विधान. त्याच्यापुढे माणूस थेट येत नाही, विधान येतं: 'शी अलेज्ड दॅट...'. आपण 'माझ्यावर आरोप' म्हणतो, त्या 'वर'मुळे 'ही अलेज्ड ऑन मी' अशी वाक्यं सर्रास दिसतात. ती चूक आहे. ॲक्यूजला 'ऑफ' लागतं, चार्जला 'विथ'. नियम म्हणून पाठ करू नका, दोन-चार वेळा मोठ्याने म्हणा: ॲक्यूज्ड ऑफ थेफ्ट, चार्ज्ड विथ थेफ्ट. जिभेला सवय लागते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बातम्या वाचताना अडतील असे आणखी दोन शब्द. एक इंडाइट; स्पेलिंगमध्ये सी असला तरी तो उच्चारत नाहीत. अमेरिकेत फेडरल खटल्यांत 16 ते 23 नागरिकांची ग्रँड ज्युरी बसते आणि किमान 12 जणांनी होकार दिला की माणूस इंडाइट होतो. म्हणजे खटला उभा राहतो, गुन्हा सिद्ध होत नाही. ट्रम्प इंडाइट झाले मार्च 2023 मध्ये आणि त्या खटल्यात ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं मे 2024 मध्ये. मधलं वर्षभर 'दोषी' म्हणणं चूकच होतं. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत मात्र चौकशी समितीने ठपका ठेवला तरी 'इंडाइटेड' छापतात, तेव्हा बातमी कुठली ते पाहूनच अर्थ लावा. दुसरा इम्पीच, आपला महाभियोग. तो झाला म्हणजे पद गेलं, असं नाही. क्लिंटन 1998 मध्ये इम्पीच झाले, 1999 मध्ये सिनेटमध्ये सुटले आणि मुदत संपेपर्यंत पदावर राहिले.

आता तुमचं वाक्य. खरं तर त्याला आरोपापेक्षा आपला 'आळ' हा शब्द चपखल बसतो. आरोप खराही असू शकतो, पण आळ म्हटला की तो खोटा हे त्यातच आलं. चतुर्थीचा चंद्र पाहिला म्हणून कृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. इतका नेमका एक शब्द इंग्रजीत मला तरी आजवर सापडला नाही. तिथे 'फॉल्सली' जोडावंच लागतं, आणि तुमच्या अर्जात ते गाळू नका: 'आय वॉज फॉल्सली ॲक्यूज्ड ऑफ स्टीलिंग मनी ॲट वर्क'. त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात पोलीस तक्रार झाली नव्हती हेही लिहा: 'नो पोलीस कम्प्लेंट वॉज फाइल्ड'.