आधी तालीम सांग

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या सत्याग्रहावर पाचवीच्या मुलांसाठी लिहिलेलं तुझं टिपण वाचलं. ‘विद्यार्थी शांतपणे बसून राहिले आणि अन्याय दूर झाला’ हे वाक्य काढून टाक. नुसतं बसून काय होतं, असं मुलं विचारतीलच, आणि बरोबरच विचारतील.

सुरुवात दुकानापासून कर. १९६० सालचं अमेरिकेतलं नॅशव्हिल. कृष्णवर्णीय माणसाने दुकानात वही, साबण, मोजे खुशाल घ्यावेत. पण तिथल्याच खाण्याच्या काउंटरपुढच्या स्टुलावर बसायचं नाही. ती जागा गोऱ्यांची. ‘वंशभेद’ हा शब्द फळ्यावर नंतर लिही.

मग तालमीकडे वळ. जेम्स लॉसन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय कार्यकर्ते. ते आधी आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींचा सत्याग्रह त्यांनी इथे जवळून अभ्यासला. परत गेल्यावर नॅशव्हिलच्या चर्चमध्ये त्यांनी कॉलेजच्या पोरापोरींची शिबिरं घेतली. काहींनी गुंड व्हायचं: शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलायचं. बाकीच्यांनी हात उचलायचा नाही. मार बसताना डोकं कसं वाचवायचं, हेही शिकायचं. (वर्गात हे करून बघू नकोस. खेळता खेळता एखाद्याला खरंच लागतं.)

अमेरिकेतल्याच ग्रीन्सबरो शहरात चार विद्यार्थ्यांनी १ फेब्रुवारीला असं काउंटरवर बसायला सुरुवात केली होती. ते एका वाक्यात सांग. १३ तारखेला नॅशव्हिलची मुलं नीटनेटक्या कपड्यांत काउंटरवर बसली. खायला दिलं नाही, तर पुस्तकं उघडून अभ्यास करत राहिली. २७ तारखेला त्यांना मारहाण झाली आणि पोलिसांनी पकडलं मार खाणाऱ्यांनाच! एक तुकडी तुरुंगात गेली की दुसरी त्याच स्टुलांवर. इथे जरा थांब, मुलांना चिडू दे.

बहिष्कार मात्र विसरू नकोस; गोष्टी सांगणारे तो हमखास गाळतात. कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरची खरेदीच बंद केली, तेव्हा दुकानदारांचा गल्ला आटला. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा हजारो लोक चालत महापौरांकडे गेले. विद्यार्थ्यांची पुढारी, २१ वर्षांच्या डायान नॅशने महापौरांना सर्वांसमोर विचारलं, रंगावरून भेद करणं तुम्हाला चूक वाटतं का? त्यांना ‘हो’ म्हणावं लागलं.

१० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले. सगळीकडची दारं मात्र तेव्हा उघडली नाहीत. देशभरासाठी कायदा व्हायला १९६४ उजाडलं. तेव्हा ‘अन्याय संपला’ हे तुझं शेवटचं वाक्यही खोड आणि टिपण शुक्रवारपर्यंत पाठव.

तुझे सर