‘फील्ड लपवतो’ म्हणजे मुलगा दिवसभर करतो तरी काय?

पत्र (थोडक्यात): मी इचलकरंजीत सुताच्या पेढीवर हिशेब बघतो, जीएसटीचं कामही माझ्याकडेच. मुलगा २३ वर्षांचा, कॉम्प्युटर इंजिनीअर. सात महिने झाले, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आहे, पगार २२ हजार. कंपनी कारखान्यांना ईआरपीनेक्स्ट (खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवून देते. दिवसभर काय करतोस विचारलं तर म्हणतो, ‘फॉर्मवरचं एखादं फील्ड, म्हणजे रकाना, लपवायचं, एखादं कंपल्सरी करायचं, एखाद्यात आपोआप आकडा आणायचा.’ यासाठी चार वर्षं फी भरली का? माझ्या मेहुण्यांचा मुलगा सॅपमध्ये (मोठ्या कंपन्यांचं असंच जर्मन सॉफ्टवेअर) आहे, जर्मनीत असतो. पुण्यातल्या एका क्लासची सॅप एबॅपची (सॅपमध्ये कोड लिहायच्या भाषेची) फी १ लाख ४० हजार आहे. २५ हजार मी भरले, बाकीचे पतसंस्थेतून उचलीन. नोकरीची हमी आहे, दोन वर्षांचा अनुभवही ते लावून देतात. मुलगा नको म्हणतो. मी त्याच्या साहेबांना फोन करून याचं पुढे काय होणार हे विचारलं. तेव्हापासून तो घरी धड बोलत नाही. त्याला एबॅपला घालू, एमबीएला की एमपीएससीला? — एक पालक

उत्तर:

आधी शेवटचं उरकते. एमबीए करायचं तर दोनेक वर्षांच्या नोकरीनंतर कॅट दिलेली बरी. एमपीएससीची इच्छा मुलाला आहे असं तुमच्या पत्रात कुठेही दिसत नाही, तेव्हा तो विषय इथेच मिटला.

मला काळजी वाटली ती साहेबांना केलेल्या फोनची. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला नाही जाता आलं. छोटी कंपनी म्हणजे दहा-पंधरा माणसं, एक खोली, एक चहाची किटली. ‘अरे, तुझ्या बाबांचा फोन होता’ हे वाक्य त्या खोलीत सगळ्यांसमोर म्हटलं गेलं असणार. तुमच्या पेढीच्या शेठना तुमच्या वडिलांनी फोन लावून ‘आमच्या पोराचं पुढे काय करणार?’ असं विचारलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही गादीवर कोणत्या तोंडाने बसला असता? तो बोलत नाही याचं तुम्हाला नवल वाटतंय, मला नाही वाटत. त्याने नोकरी सोडली नाही, तुमच्याशी भांडलाही नाही, नुसता गप्प आहे. पोरगा सोशिक आहे म्हणायचा. पुन्हा फोन करू नका. आणि जमलं तर त्याला एकदा सरळ सांगा की तो फोन करायला नको होता. वडील असं म्हणत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरीही सांगा.

दुसरी गोष्ट फोनपेक्षा गंभीर आहे. ‘अनुभव लावून देतात’ हे तुम्ही सोयीसारखं लिहिलंय. त्याचा अर्थ असा, की ज्या कंपनीत तुमचा मुलगा एक दिवसही गेला नाही तिचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा तयार करून द्यायच्या आणि त्यावर मुलाखती द्यायला लावायच्या. साध्या मराठीत याला बनावट कागदपत्रं म्हणतात. मोठ्या कंपन्या माणूस घेताना मागची नोकरी तपासतात. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) असेल तर कोणत्या महिन्यात तुम्ही कुठे होतात हे तिथे लिहिलेलं असतं. आताची कंपनी मुलाचा पीएफ भरत असेल तर त्याच काळातली दुसरी नोकरी कुठून आणणार? आणि पकडला गेला तर क्लासचं काही जात नाही. नोकरी मुलाची जाते, नाव मुलाचं खराब होतं. तुम्ही हिशेबाचे माणूस आहात. खोटं बिल वहीला लागलं तर काय होतं हे तुम्हाला मी कशाला सांगू? तो नको म्हणतोय तो बहुधा याचसाठी, आणि तो बरोबर आहे.

आता तुमचा मुख्य गैरसमज. फील्ड लपवणं म्हणजे खालचं काम आणि सॅप म्हणजे वरचं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण एबॅपवाला काय करतो ते ऐका. जुन्या सॅपमध्ये सेल्स ऑर्डरच्या स्क्रीनवरचं एखादं फील्ड बंद करायचं असलं, की तो ‘एमव्ही४५एएफझेडझेड’ नावाची फाइल उघडतो, तिथल्या यूजर एग्झिटमध्ये (आपला कोड घालायला सॅपने ठेवलेल्या जागेत) शिरतो, स्क्रीनवरची फील्डं एकेक करून बघतो आणि हव्या त्या फील्डचं इनपुट शून्य करतो. झालं, फील्ड बंद. पर्चेस ऑर्डरला हेच करायला वेगळी खिडकी आहे, तिला बॅडी म्हणतात. त्याच्याही आधी ‘फील्ड एग्झिट’ नावाचाच प्रकार होता. एका डेटा एलिमेंटला (फील्डच्या मूळ व्याख्येला) कोड चिकटवायचा आणि ते जिथे जिथे वापरलं असेल तिथे तो चालायचा. नको त्या स्क्रीनवरही चालायचा, आणि मग बिघाड कुठे आहे ते शोधत बसायचं. सॅपने तो प्रकार केव्हाच बाजूला टाकला. थोडक्यात, १ लाख ४० हजार भरून तुमचा मुलगा जे शिकणार त्यातलं बरंचसं फील्ड लपवणंच आहे. फरक इतकाच की सध्या ते करण्याचे त्याला पैसे मिळतात.

आणि हे काम चार ओळींचं दिसतं म्हणून सोपं समजू नका. तुमच्याच धंद्यातलं घेऊ. कारखान्यात सूत आलं, स्टोअरकीपर पावतीची नोंद करतो. माल सूत असेल तर लॉट नंबर हवाच, मशिनचा पार्ट असेल तर तो रकाना दिसायलाही नको. लॉट का हवा हे इचलकरंजीच्या माणसाला सांगायची गरज नाही. दोन लॉट मिसळले की रंगाईनंतर कापडावर पट्टे उठतात आणि पार्टी अख्खा माल परत पाठवते. म्हणून पोरगा लिहितो, सूत असेल तर फील्ड दाखव आणि कंपल्सरी कर. गिऱ्हाईक खूश. आठ दिवसांनी बघावं तर लॉटच्या रकान्यात कुठे टिंब, कुठे ‘एनए’, कुठे नुसता १. का? तर परत आलेल्या सुताच्या कोनवरचं लेबल फाटलेलं असतं, टेम्पो दारात उभा असतो, ड्रायव्हर घाई करत असतो आणि सॉफ्टवेअर नंबराशिवाय पुढे सरकू देत नाही. मग स्टोअरकीपर टिंब मारतो. तुम्हीही मारलं असतं.

आता ठरवायचं असतं. परतीच्या मालाला सूट द्यायची का? कच्ची नोंद सेव्ह होऊ द्यायची आणि सबमिट करताना अडवायचं का? अडवायचं तर कुणाला, स्टोअरकीपरला की त्याच्या वरच्याला? वर आणखी एक भानगड आहे. महिनाअखेरीला ऑफिसातलं कुणीतरी शेकडो नोंदी एक्सेलमधून एकदम चढवतं. स्क्रीनवरची स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये उघडलेल्या फॉर्मपुरती असते, एक्सेलवाटे आलेल्या नोंदींना ती आडवी येत नाही. तपासणी सर्व्हरवरही लिहिलेली नसेल तर सगळ्या नोंदी बिनलॉटच्या आत जातात. तुमच्या मुलाचं खरं काम इथे आहे. कोड चार ओळींचाच राहतो, पण त्या कुठे लिहायच्या हे कळायला गोदामात उभं राहावं लागतं.

तुमचंच जीएसटीचं उदाहरण घ्या ना. पंधरा अक्षरी नंबर, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र असेल तर २७, मग पार्टीचा पॅन. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने निघतं, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर टाइप करतानाच बहुतेक वेळा पकडता येतो. फील्डमागे ती तपासणी नसेल तर चुकीचा नंबर तसाच बिलावर जातो, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरताना पोर्टल तो नाकारतं, दुरुस्तीला उशीर झाला की पार्टीच्या २बी मध्ये (क्रेडिटच्या विवरणात) बिल दिसत नाही, तिचं क्रेडिट अडकतं आणि शिव्या तुम्हाला बसतात. ती तपासणी लिहितात तुमच्या मुलासारखी मुलं. तुमच्या घरात बापाचं आणि पोराचं काम एकमेकांच्या इतकं जवळ आहे आणि दोघंही त्यावर बोलत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटलं.

सॅपला मी नावं ठेवत नाही. १९७२ साली आयबीएम सोडून आलेल्या पाच जणांनी जर्मनीत काढलेली ती कंपनी आज जगभरातले मोठे कारखाने चालवायला मदत करते आणि तिथे पुढेही काम असणार. पण ईसीसीची, म्हणजे सॅपच्या जुन्या आवृत्तीची, नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबते, जादा पैसे मोजणाऱ्यांना २०३० पर्यंत मिळते. त्यामुळे कंपन्या एस/४ हाना या नव्या आवृत्तीकडे चालल्या आहेत. सॅप स्वतःच आता सांगते, गाभ्याला हात लावू नका, तुमचा कोड बाहेर ठेवा. तिथे फील्ड कंपल्सरी की फक्त वाचण्यापुरतं, हे रॅप नावाच्या नव्या पद्धतीत व्याख्येतच लिहून टाकतात. क्लासवाल्यांना एकच प्रश्न विचारा: रॅप आणि सीडीएस (डेटाची मांडणी लिहायची सॅपची नवी पद्धत) शिकवता का, आणि कोणत्या सिस्टिमवर? ‘ते नंतर बघू’ असं उत्तर आलं तर ते जुन्या वहीतून शिकवतायत. सॅपच्या स्वतःच्या साइटवर शिकण्याचं पुष्कळ साहित्य फुकट आहे, एबॅपवर हात चालवायला ट्रायल खातंही मिळतं. कर्ज कशाला काढता? मेहुण्यांच्या मुलाचं म्हणाल, तर तो कोणत्या मॉड्यूलवर आहे, आधी काय करत होता, तिथवर पोचायला किती वर्षं लागली, हे विचारलंत का कधी? ‘सॅपमध्ये आहे’ एवढ्यावर कुणी जर्मनीत जात नाही.

यापुढचं मुलाला वाचायला द्या.

बाळा, तुझ्या बाजूने इतकं लिहिलं म्हणून फुगू नकोस. सात महिन्यांनी ‘फील्ड लपवतो’ एवढंच सांगता येत असेल तर थोडी चूक तुझीही आहे. बाबांना लॉट नंबरची गोष्ट तू सांगायला हवी होतीस. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, सोर्स सगळा उघडा, पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. रात्री खोलीवर बसून तो वाचतोस का? फॉर्मच्या सेटिंगमध्ये नुसती अट टाकून जे होतं त्यासाठी स्क्रिप्ट लिहितोस का? लिहीत असशील तर थांबव. न लिहिलेला कोड कधी बिघडत नाही, आणि गिऱ्हाइकाला ‘याला कोड लागत नाही’ असं सांगणारा पोरगा साहेबांच्या लवकर लक्षात येतो. लिहावीच लागली तर थेट चालू साइटवर जाऊन लिहितोस का? तिथे लिहिलेली क्लायंट स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी) साइटच्या डेटाबेसमध्ये पडून राहते. अपग्रेडमध्ये फील्डचं नाव बदललं की ती बंद पडते आणि कुणाला पत्ता लागत नाही. कस्टम ॲप कर, गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनात) ठेव, प्रत्येक बदलाला कुणी मागितला आणि का, हे एका ओळीत लिही. साहेब म्हणतील वेळ नाही. तरी कर.

कोड आता एआयही लिहून देतं, तूही घेत असशील, बिनधास्त घे. पण परतीच्या मालाला लॉट कुठून आणायचा हे त्याला स्टोअरकीपर सांगणार नाही, तुला सांगेल. म्हणून गिऱ्हाइकाकडे जायची संधी आली की लॅपटॉप उचल. खरेदी, साठा, बिल, परतावा, या चारांतला एक तरी प्रवाह गेटपासून खतावणीपर्यंत तोंडपाठ हवा. वर्ष-दीड वर्षाने तिथे शिकण्यासारखं उरलं नाही आणि तुझं काम तपासणारं कुणी नसेल, तर कंपनी बदल, मी अडवणार नाही. तेव्हा सॅपला जावंसं वाटलं तर एमएम (खरेदी-साठा) किंवा एसडी (विक्री) बघ, तुझा अनुभव तिथे खरा म्हणून चालेल. पगार २२ वरच अडकला तर मात्र वर्ष झालं की तू स्वतः जाऊन बोल. बाबांना पुन्हा फोन करायची वेळ आणू नकोस.

आणि पालक महोदय, त्या २५ हजारांचं. प्रवेश रद्द करत असल्याचं क्लासला लेखी कळवा, नुसतं तोंडी नको. ईमेल पाठवा, पावतीचा फोटो जोडा आणि परतीची मुदत घाला. हमी कोणत्या अटींवर आहे आणि ‘अनुभव लावून देतो’ म्हणजे नेमकं काय, हेही त्याच पत्रात विचारा. त्याचं लेखी उत्तर देणं त्यांना जड जाईल आणि पैशांची बोलणी तिथून सोपी होतील. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पतसंस्थेचा अर्ज दिला असेल तर तो उद्याच मागे घ्या.