पायांना जागा ठेव

मित्रा,

तुझा ट्रॅक चार वेळा ऐकला. दोनदा हेडफोनवर, दोनदा मोठ्या स्पीकरवर. मेहनत जाणवते. पण हेडफोनवर जे भरगच्च वाटलं, त्याचा स्पीकरवर कालवा झाला. तू तीन इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या शैली एकत्र आणल्यास, पण जंगल शैलीचा ब्रेक (जुन्या रेकॉर्डवरून कापलेला ड्रमचा तुकडा), फुटवर्कचा ८०८ (ड्रम मशीनचा खोल बास) आणि टेक्नोची किक (बास ड्रमचा ठोका), तिघं एकदमच बोलतात आणि कुणीच कुणासाठी थांबत नाही.

फुटवर्क शिकागोत घडलं, ते नाचणाऱ्यांच्या वर्तुळात. एकजण मध्ये उतरायचा, पायांनी जमेल तेवढं बोलून घ्यायचा, मग दुसरा त्याला उत्तर द्यायचा. म्हणून आरपी बू किंवा डीजे रशाद या तिथल्या निर्मात्यांच्या ट्रॅकमध्ये किक हवी तिथे येतच नाही, क्लॅप (टाळीचा आवाज) अवचित पडतो आणि मध्येच सगळं रिकामं होतं. ती रिकामी जागा पायांची आहे. तू ती हाय-हॅटने, म्हणजे झांजेच्या टिकटिकीने, बुजवून टाकलीस, त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता लयीचं. १६० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १६० मात्रा धरल्या तर, चार मात्रांचं एक आवर्तन बरोबर दीड सेकंदाचं होतं. १२० ला तीन मात्रांनाही दीडच सेकंद लागतो. म्हणजे त्याच आवर्तनात तीन किक समान अंतरावर टाक, टेम्पोला हात न लावता १२० ची टेक्नोची चाल आपोआप उभी राहते. खाली बास ८० ने चालू दे. सम एकच, चाली तीन. तीन शैली एकावर एक रचण्यापेक्षा हे कितीतरी खोल जातं, कारण ऐकणाऱ्याचं शरीर कधी या चालीला धरतं, कधी त्या. मात्र एका वेळी एकीलाच पुढे येऊ दे.

ब्रेकबद्दल. विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या रेकॉर्डवरचा ड्रमर ग्रेगरी कोलमनचा तो चार आवर्तनांचा तुकडा तूही घेतला आहेस. पण कापलीस फक्त पहिली दोन आवर्तनं, आणि ती दोन्ही जवळपास सारखीच आहेत. तिसऱ्यात तो एक स्नेअर (कडक ड्रमचा ठोका) किंचित उशिरा टाकतो, चौथ्यात पहिली मात्रा मोकळी सोडतो. एकदा एवढंच वारंवार लावून ऐक. तो मुद्दाम पाय घसरवतो आणि लगेच सावरतो. फुटवर्कशी त्याचं नातं तिथेच जुळतं, वेगामुळे नव्हे. चौथ्या आवर्तनाचे तुकडे हाताने कापून बसव, सॉफ्टवेअरच्या ऑटोमॅटिक स्लाइसिंगवर सोडू नकोस. आणि ब्रेकचा दीडशे हर्ट्‌झच्या खालचा भाग काढून टाक. ती जागा ८०८ ची.

सबबद्दल, म्हणजे सगळ्यात खालच्या बासबद्दल, माझा एक जुना घाव सांगतो. मोठ्या सिस्टीमवर माझा ट्रॅक पहिल्यांदा वाजला, तेव्हा ड्रॉप (सगळा जोर एकदम येण्याचा क्षण) आला आणि बास गायब झाला. घरी भव्य वाटावा म्हणून मी तो डावी-उजवीकडे पसरवला होता. क्लबच्या सिस्टीममध्ये दोन्ही बाजू एकत्र झाल्या आणि एकमेकींना खाऊन बसल्या. लोक नाचायचे थांबले. तेव्हापासून सब मोनोमध्येच, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखा, ठेवतो, आणि किकच्या सुरात लावतो. पन्नास हर्ट्‌झची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, छोट्या खोलीत तिचा नीट अंदाज येत नाही. ओळखीच्या ट्रॅकशी सतत ताडून बघ.

डिस्टॉर्शन, रिव्हर्ब या इफेक्ट्सचा विचार नंतर कर, त्यावर आत्ता वेळ घालवू नकोस.

आता याच ट्रॅकमधून निम्मे आवाज काढ. पहिल्या बत्तीस आवर्तनांत फक्त ब्रेक आणि सब ठेव, तेहेतिसाव्यापासून तीन किकची चाल आण आणि तेव्हा ब्रेक पूर्ण बंद कर. मग उभं राहून ऐक. पाय कुठे अडतात ते वेळेसकट लिहून मला पाठव, ट्रॅक नंतर पाठवलास तरी चालेल.

तुझा,
एक जुना साथीदार