शेतकामाला आणि डोंगरात फिरायला पहिली एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालणारी, हँडलची चारचाकी बाइक) घ्यायची आहे, ४०० सीसी घेऊ की ८००?

सीसी नंतर बघा. आधी ठरवा, ओझं ओढायचंय की उड्या मारायच्यात? तुम्ही शेतकाम म्हणताय, म्हणजे स्पोर्ट नको, युटिलिटी प्रकारच घ्या. त्यात ४०० ते ५७० सीसी पहिल्या गाडीला भरपूर झाले. ८०० सीसीचा अंगठा-थ्रॉटल (अंगठ्याने दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर) नवख्याने जरा जोरात दाबला की गाडी अंगाखालून निसटल्यासारखी पळते, आणि वर वजनही जास्त. चिखलात उलटली तर एकट्याने सरळ होत नाही.

पैसे वाचवायचे तर इंजिनात वाचवा, पण फोर-व्हील ड्राइव्ह, लो गिअर आणि उतारावरचं इंजिन ब्रेकिंग (इंजिननेच वेग आवरणं) सोडू नका. भरल्या ट्रेलरसह उतरताना नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली की पोटात गोळा येतो. पॉवर स्टीअरिंग मिळालं तर उत्तमच, संध्याकाळी मनगटं दुवा देतील.

जुनी घेणार असाल तर पुढची चाकं उचलून हलवून बघा, खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. सीव्हीटीच्या (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरच्या) एअर इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, चिखल दिसला तर गाडी पाण्यात बुडवलेली असू शकते. मी तरी अशी घेणार नाही.

आणि हो, बहुतेक एटीव्ही एकट्यासाठीच असतात. मागचा रॅक म्हणजे सीट नव्हे!