दुकान 'क्लोज' झाले की 'क्लोज डाउन' झाले?

प्रश्न : दुकान, कॉम्प्युटर, नळ, दिवा, मराठीत आपण सगळेच 'बंद' करतो. इंग्रजीत मात्र क्लोज, क्लोज डाउन, शट डाउन, शट ऑफ असे वेगवेगळे प्रयोग दिसतात. कुठे कोणता वापरायचा?

उत्तर : 'द शॉप क्लोजेस ॲट नाइन' म्हणजे दुकान नऊला बंद होते, उद्या पुन्हा उघडते. 'द शॉप हॅज क्लोज्ड डाउन' म्हणजे धंदाच गुंडाळला. दोन दिवसांच्या सुट्टीसाठी दारावर 'क्लोज्ड डाउन' अशी पाटी लावली, तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नाही. तिथे नुसते 'क्लोज्ड' पुरते.

'शट डाउन' म्हणजे चालू असलेले काम थांबवणे. ते यंत्राला, कारखान्याला, कॉम्प्युटरला लागते. कारखाना कायमचा बंद झाला की दुरुस्तीपुरता, हे पुढच्या शब्दांवरून कळते: 'फॉर टू वीक्स' (दोन आठवड्यांसाठी) किंवा 'फॉर गुड' (कायमचा). लॅपटॉपच्या बाबतीत तर हा फरक हाताने अनुभवता येतो. 'क्लोज द लॅपटॉप' म्हटले की ऐकणारा झाकण मिटतो. लॅपटॉप बहुधा नुसता झोपतो, आतले काम तसेच उघडे राहते. पूर्ण बंद करायला सांगायचे असेल तर 'शट इट डाउन' म्हणा.

'इट' मध्येच का आले? 'शट डाउन द मशीन' आणि 'शट द मशीन डाउन' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण नामाऐवजी सर्वनाम आले की त्याची जागा मधलीच. 'शट डाउन इट' चूक. भूतकाळातही 'शट'च राहते, 'शटेड' असे रूप नाही. नाम म्हणून लिहिताना 'शटडाउन' जोडून लिहितात आणि बोलताना जोर 'शट'वर येतो. क्रियापदात तो 'डाउन'वर जातो.

पाणी, गॅस असा प्रवाह तोडायचा असेल तर 'शट ऑफ'. दिवा आणि पंखा 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' होतात. 'क्लोज द लाइट' ही आपल्याकडची सर्वांत हट्टी चूक, आणि ती थेट 'दिवा बंद कर'मधून येते. 'ओपन द लाइट'ही तिचीच बहीण.

'शट अप'बाबत जपून. माणसाला उद्देशून ते उद्धटच. 'शट अप द हाउस' मात्र अगदी सभ्य वाक्य आहे: गावाला जाताना दारे-खिडक्या लावून घर बंद करणे.